एक रोट कमी

१ जून, रविवार
माझं आयुष्य आज सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी बदललं. वेळ नक्की आहे, कारण त्या क्षणी मी मोबाईलमध्ये बघत चाललो होतो आणि म्हणूनच तिच्यावर आदळलो. बमरोलीच्या बागेच्या फाटकाशी. तिच्या हातातले कागद खाली पडले. मी भांडायच्या तयारीत होतो, पण ती म्हणाली, "पळता येतं का?"
मी म्हणालो, "येतं."
"आमचा एक माणूस आला नाही. हा नकाशा, हे होकायंत्र. आत आणि मागच्या मैदानात दहा जागी भगवं-पांढरं कापड टांगलंय. क्रमाने शोधायचं, तिथल्या पंचने कार्डाला भोक पाडायचं, परत यायचं. नीघ."
मी निघालो. दहापैकी तीन सापडली. चौथ्या जागी पंच सापडेना म्हणून बराच वेळ शोधत होतो, तेव्हा एक बाई ओरडली की तो माझा परकर आहे, वाळत घातलाय.
या खेळाला ओरिएंटीअरिंग म्हणतात. तिला गायत्री पाटील म्हणतात. दिवसभर एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन काढते आणि सुट्टीत क्लबसाठी नकाशे.
घरी येऊन सांगितलं की मी वाट शोधायचा खेळ खेळणार आहे. वडील जेवत होते. म्हणाले, "दोन वरीस व्हयनात, तुले वाट सापडी नही ऱ्हायनी. आते खेळबी तोच."
ही वही मी त्यासाठीच सुरू केली. खेळाडूने नोंद ठेवावी.

५ जून, गुरुवार
नोंद म्हणजे खरं लिहायला हवं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. लॅबमध्ये सर म्हणाले, ब्युरेट तुझ्यामुळे फुटली. मी म्हणालो, आता खरंच माझ्यामुळे फुटेल, आणि दुसरी फोडली. तेव्हापासून छगनभाईंच्या मोबाईल-अॅक्सेसरीच्या दुकानात आहे. वडील, म्हणजे भटू पाटील, पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर आहेत. त्यांचं म्हणणं, मी पण तिथे लागावं. आई, उषाबाई, घरी साड्यांना खडे चिकटवते. तिचं म्हणणं ती मनात ठेवते.
क्लबचं असं आहे. सप्टेंबरात डांगच्या जंगलात जोड्यांची स्पर्धा आहे, एक मुलगी, एक मुलगा. मुलगी गायत्री, हे ठरलेलं. मुलगा कोण ते सतरा ऑगस्टच्या निवड शर्यतीत ठरणार. आत्ता पुढे आहे योगेंद्र. इंजिनियर. पायात असे बूट की बघून वाटावं, पाय वेगळे विकत घेतले असतील.
दोन दिवस जंगलात, एकच नकाशा, दोन माणसं. तो मुलगा मी असलो पाहिजे. एवढंच.

११ जून, बुधवार
दुकानात शोसाठी ठेवलेलं एक स्पोर्ट्स घड्याळ आहे. छगनभाईंना म्हटलं, वापरून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला सांगणार काय. ते म्हणाले, "पहेर ने, पण घसरको पड्यो तो तारो पट्टो काढी नाखीश." म्हणजे ओरखडा पडला तर तुझा पट्टा काढून टाकीन. घड्याळाच्या पट्ट्याबद्दल बोलले असावेत.
घड्याळ उपग्रहावरून रस्ता नोंदतं, नाडी मोजतं, झोप मोजतं. सुरू करताना सतरा प्रश्न विचारत होतं. हे शेअर करू का, ते जोडू का, ग्रुपला दाखवू का. मी सगळ्याला हो म्हटलं. आपण काही लपवून ठेवत नाही.

१९ जून, गुरुवार
सराव जोरात. रोज पहाटे आठ किलोमीटर. मार्ग शास्त्रीय पद्धतीने निवडलाय. पांडेसऱ्यातून निघून खाडीचा पूल ओलांडायचा (आज पाणी जांभळं होतं, म्हणजे वडिलांच्या मिलमध्ये जांभळ्या साड्यांची ऑर्डर) आणि बमरोलीत एका बिल्डिंगभोवती सात फेरे. तिथलं डांबर फार चांगलं आहे. बिल्डिंगच्या गेटसमोर स्नायू ताणण्यासाठी अकरा मिनिटं थांबायचं. त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर गायत्री राहते हा योगायोग.
घड्याळात मात्र बिघाड आहे. पळताना नाडी एकशे पस्तीस. गेटसमोर नुसता उभा असताना एकशे एकाहत्तर. छगनभाईंना सांगितलं. त्यांनी छातीला बांधायचा पट्टा दिला, तो मनगटापेक्षा अचूक असतो.

२१ जून, शनिवार
पट्टाही बिघडलेला निघाला. गेटसमोर एकशे त्र्याहत्तर.

२ जुलै, बुधवार
मसाज गन आणली, मांडीच्या स्नायूंसाठी. मला ती दहा मिनिटं मिळाली. मग आईने वडिलांच्या कमरेला लावून बघितली. वडील बोलता बोलता झोपले, तोंडातला शब्द अर्धाच राहिला. मग साडीवरचे खडे पक्के बसलेत का ते आईने त्याच गनने तपासलं. नऊ खडे कपाटाखाली गेले. गन आता आईच्या ताब्यात आहे.
दंडाला मोबाईल लावायचा चुंबकवाला होल्डरही आणलाय. चुंबक एवढं जबरदस्त की मिक्सरला चिकटला होता, सोडवायला बहीण योगिताची मदत लागली. होल्डर, मोबाईल आणि होकायंत्र मी आता एकाच पाऊचमध्ये ठेवतो. शर्यतीत शोधाशोध नको.

१३ जुलै, रविवार
आजचं लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.
पलसाण्याच्या अलीकडे बाभळीच्या रानात क्लबचा सराव होता. पहिली खूण उत्तरेला दोनशे मीटर. मी होकायंत्राची सुई धरून सरळ निघालो. दोनशे मीटरवर काही नाही. पाचशेवर काही नाही. सूर्य डावीकडे असल्याचं लक्षात आलं होतं, सकाळी साडेसातला तो उजवीकडे हवा. पण मी म्हटलं, सूर्याचं काय, इथे माझ्या हातात यंत्र आहे.
दीड किलोमीटरवर हायवे लागला. समोर कुठल्याशा मिलचं फाटक. वॉचमन म्हणाला, "नवी भरती? आधार कार्ड आणलं का?" मी म्हणालो, मी खेळाडू आहे. तो म्हणाला, "आत सगळेच आहेत. रांगेत उभा राहा."
परत यायला पावणेदोन तास लागले. सगळे सावलीत बसून पोहे खात होते. योगेंद्र म्हणाला, "आम्हाला वाटलं तू सरहद्द ओलांडून महाराष्ट्रातून फोन करशील."
आणि मी गायत्रीला म्हणालो, सगळ्यांसमोर, मोठ्याने, "नकाशा चुकलाय. साड्यांवर कोयऱ्या काढणाऱ्यांनी नकाशे काढू नयेत."
तिने माझ्या हातातून होकायंत्र घेतलं, आपल्याजवळचं त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलं. दोन्हीच्या लाल सुया एकमेकींना पाठ करून उभ्या. "चुंबकाजवळ ठेवलं होतंस का?" तिने विचारलं.
मी म्हणालो, "माझं आहे, मी कुठेही ठेवीन," आणि निघून आलो. पोहे न खाता.

२२ जुलै, मंगळवार
सरावाला जात नाही. पहाटे पळतो, पण आता तिच्या गेटसमोर अकरा मिनिटांऐवजी चार. माफीचे सहा मेसेज लिहिले आणि पुसले. पाचवा बरा होता, पण त्यात शेवटी पुन्हा योगेंद्रच्या बुटांवर गेलो.
घड्याळ दर तासाला विचारतं, तुम्ही तणावात आहात, श्वासाचा व्यायाम करायचा का. एकदा म्हटलं, चल करू. श्वास आत घ्या, बाहेर सोडा. मग म्हणतं, छान, आता कसं वाटतंय. काढून गादीखाली ठेवलं. त्याने सहा तास गाढ झोप झाल्याची नोंद केली.

३ ऑगस्ट, रविवार
आमच्याकडे कानबाई, आमच्या भावकीची देवी, बसली. पाटावर नारळाची कानबाई, नथ, हार, वस्त्र सगळं साग्रसंगीत. गावाहून काका आले, उधन्याहून चुलतभाऊ आले, दीड खोलीत सव्वीस माणसं. आईने पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतला होता, रोट, म्हणजे गव्हाच्या जाड गोड पोळ्या, त्याही मोजूनच केल्या.
रोटाचा नियम कडक आहे. फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी नाही, जावई नाही, आमच्याकडे तर लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा नाही. बाहेरच्याच्या तोंडी गेला तर कानबाई रुसते. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, टाकायचा एकही नाही. पौर्णिमा शनिवारी, राखीच्या दिवशी.
घड्याळात खाल्लेल्याची नोंद करायला गेलो. यादीत पिझ्झा आहे, पास्ता आहे, रोट नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
आज सगळं नीट झालं.
पहाटे निघताना डब्यातून एक रोट कागदात बांधून घेतला. खेळाडू पळाल्यावर जे पुडक्यातलं खातात त्यापेक्षा तो केव्हाही चांगला. पुलापाशी गायत्री उभी होती. हातात मोजणीचं चाक, पाठीला नकाशाची फळी. पळून जायला मागे रस्ता होता, पण पाय थांबले.
माफीचं पाठ केलेलं वाक्य निघेना. मी कागद सोडला आणि रोट पुढे केला.
"हे काय?" ती म्हणाली.
"खा. ताकद येते."
तिने वास घेतला, तुकडा मोडला, मग दुसरा. पुलाच्या कठड्याला टेकून अख्खा खाल्ला. "गोड आहे. कसलं आहे?"
"खेळाडूंचं," मी म्हणालो. "नकाशा बरोबर होता. यंत्र माझं चुकलं. तोंड पण."
"तोंड जास्त," ती म्हणाली. बोटं पुसत म्हणाली, "तुला एक सांगू? तुझं घड्याळ रोज तुझा रस्ता क्लबच्या ग्रुपवर टाकतं. जूनपासून."
मी घड्याळाचा हात पाठीमागे घेतला.
"आमच्या बिल्डिंगभोवती सात फेरे. रेघ इतक्यांदा गेलीय की जाड झालीय. गेटसमोर अकरा मिनिटं, नाडी एकशे एकाहत्तर. योगेंद्रने विचारलं, हा मुलगा आजारी आहे का."
"मग तू काय म्हणालीस?"
"म्हणाले, मला नकाशा वाचता येतो."
ते तर मला माहीतच आहे, क्लबचे सगळे नकाशे तीच काढते. योगेंद्रला एवढंही ठाऊक नसावं. तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चाक ढकलत निघाली आणि वळून म्हणाली, "अकराची चार मिनिटं का केलीस?"
तिच्या आकडेवारीत फरक पडला असेल.

७ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी आई डबा उघडून बसली होती. "वाल्मिक, रोट मोजात मी. एक कमी शे. तू खादा का?"
मी नाही म्हणालो. खोटं नव्हतं.
"मंग कोनी खादा?"
आईसमोर मला खोटं टिकवता येत नाही. सांगितलं. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त पाटाकडे बघत राहिली, जिथे सोमवारपर्यंत कानबाई होती. म्हणाली, पंचवीस वर्षांत असं झालं नाही. सासूने मरताना हातात हात घेऊन सांगितलं होतं, एवढं सांभाळ.
वडील म्हणाले, "पोरनं नाव काय?"
"गायत्री पाटील."
"पाटील त आर्धं पांडेसरा शे," आई म्हणाली. मग एकदम मान वर केली. "मझारथून कोन शेत त्या?"
म्हणजे पाटील हे वरचं. आतलं आडनाव वेगळं असतं, आमचं बोरसे. आतून तेही बोरसे निघाले तर भाऊबंद, आणि भाऊबंदाने रोट खाल्ला तर काही बिघडलं नाही. आईच्या चेहऱ्यावर रंग आला. उद्या ती आणि वडील गायत्रीच्या घरी जाऊन विचारणार.
आई देवापुढे हात जोडून म्हणते, बोरसे निघोत. आणि मी इथे वहीत लिहितो, काहीही निघोत, सोनवणे, देवरे, शिंदे, पण बोरसे नको. बोरसे निघाले तर गायत्री माझी बहीण झाली. आणि परवा राखी आहे.
एकाच देवीकडे एकाच घरातून दोन उलट्या मागण्या गेल्या आहेत. होकायंत्राचं झालं तेच.

८ ऑगस्ट, शुक्रवार
ते पाच वाजता गेले, सव्वासातला आले. मी छातीला पट्टा बांधून बसलो होतो. बसल्या जागी एकशे अठ्ठेचाळीस. योगिता म्हणाली, "दादा, घड्याळाऐवजी पंखा बघ, फिरतोय का. घामाने निथळतोयस."
वडील चपला काढतानाच बोलू लागले. गायत्रीची आई पुष्पाबाई फार चांगली बाई, बसवलं, चहा केला. आईने हकीकत सांगितली, सांगताना रडली. मग म्हणाली, आम्ही आतून बोरसे, तुम्ही कोण? पुष्पाबाईंनी पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, अहो, आम्हीपण बोरसेच. मिटलं तुमचं.
"भाऊबंद निंघनात," वडील म्हणाले. ते खुशीत होते. "मी सांगं त्यास्ले, मंग सकाळ राखीले या. पोरले बहीण त बहीण. दहा वाजता येतीन सगळा."
मी आईकडे बघितलं. ती डबा घासत होती. म्हणाली, बरं वाटलं.
घड्याळात नाडी साठ झाली. खाली अक्षरं आली, "उत्तम विश्रांती. असेच सुरू ठेवा."
सतरा तारखेच्या शर्यतीला जाणार नाही. बहीणभावाने जंगलात जाऊन काय करायचं. योगेंद्रला जाऊ दे, त्याच्याकडे बूट आहेत. सोमवारी वडिलांबरोबर मिलला जाईन. वॉचमनला आधार कार्ड दाखवीन.

९ ऑगस्ट, शनिवार, सकाळचे सात
सहा वाजून दहा मिनिटांनी गायत्रीचा मेसेज आला. जसाच्या तसा लिहून ठेवतो.
"दहाला आईबाबा तुमच्याकडे येतायत. मी नाही. मी साडेसातपासून पुलापाशी नकाशा दुरुस्त करत असेन. एका माणसाचं काम नाही ते. घड्याळ घालून येऊ नकोस, ग्रुपवर दिसतं."
वाचून डोकं फिरलं. म्हणजे राखी बांधायलासुद्धा यायचं नाही, एवढा मी नकोसा. आणि एका माणसाचं काम नाही म्हणजे दुसरा माणूस आहेच, बूट घालून आला असेल. वर माझ्या घड्याळाला टोमणा.
आई खडे चिकटवत होती. तिला मोठ्याने वाचून दाखवलं, अपमान किती झालाय ते कळावं म्हणून. ती ऐकत राहिली. म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिने हातातला खडा ठेवला.
"कॉलेज सोडं ते बरं कयं तू," ती म्हणाली. "तठे बी तुले काही समजनं नसतं."
आणि तेव्हाच, रागात असतानाच, माझ्या डोक्यात बुधवार आला. पुलावर रोट पुढे केला तेव्हा गायत्री म्हणाली होती, हे काय? वास घेऊन म्हणाली, कसलं आहे? ज्या घरात कानबाई बसते तिथलं शेंबडं पोरही रोटाला हे काय म्हणत नाही.
मी आईला म्हणालो, "आई, ते बोरसे नाहीत. त्यांच्याकडे कानबाईच बसत नाही."
बोलून गेलो आणि जीभ चावली. एवढ्या कष्टाने तिचं मन शांत झालं होतं.
आई म्हणाली, "माले तठेच समजनं."
ती सांगत होती आणि हाताने खडे चिकटवत होती. पुष्पाबाईंनी आधी आमचं आडनाव ऐकलं, मग आपलं सांगितलं. अनोळखी बाई रडतेय, तिला घरी जाऊन झोप लागावी म्हणून खोटं बोलल्या. मग, आई म्हणाली, मीही खरं मानलं असं दाखवलं. एवढ्या चांगल्या माणसांवर कानबाई रुसायची नाही. राखीचं मी बोलले नाही, ते तुझ्या बापाचं. त्यांना वाटलं, बहीण मिळाली तर पोरगा सुधारेल.
"आणि गायत्री?" मी म्हणालो.
"ती जिनामझार माले सोडाले वनी," आई म्हणाली. "इचारे, काकू, समजा बाहेरनानी रोट खादा, त मंग कानबाईना राग कसा जास?"
"तू काय सांगितलंस?"
"सांगं, जिनी खादा ती आपला घरनी व्हई गई, का मंग राग काबर राही."
"मग?"
"मंग काही नही. मन्ह्या चपला सरळ करत बसनी. त्या सरळच व्हत्यात."
मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. घड्याळाने सांगितलं असतं, पण ते मी तोवर काढलं होतं. पट्टाही काढला. दोन्ही कागदात गुंडाळून छगनभाईंचं नाव टाकून ठेवलंय. होकायंत्र नको. पूल कुठे आहे ते मला आंधळ्यालाही सांगता येईल, आज खाडीचा हिरवा वास येतोय.
वडील आत अंघोळ करतायत. दहा वाजता पाहुणे येतील, तेव्हा ते विचारतील, पोरगं कुठे. आई म्हणते, ते मी बघते, राखी योगिताच्या हातून चुलतभावाला बांधून घेऊ. डब्यातला शेवटचा रोट तिने कागदात बांधून माझ्यासमोर ठेवलाय. आज पौर्णिमा, संपवायलाच हवा. अर्धा तू, म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही.
सात वाजून गेले. एवढं लिहून वही गादीखाली सरकवतो. बुटांची नाडी बांधून झाली आहे. "निंघ आते," आई म्हणते आहे, "आनी जातांना दार लाई ले, तुन्हा बापले वारा लागी." मी उठलो. दार ओढून घेतो.